स्त्रीबीजाचे वय

सप्टेंबरमध्ये वांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा भरते, तेव्हा चढावरच्या दुकानांत मेणाच्या आकृत्या मांडलेल्या असतात. ज्याला घर हवे तो मेणाचे घर घेतो, ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय. मूल होत नाही त्या जोडप्याने मेणाचे बाळ घ्यायचे आणि मातेपुढे ठेवायचे. ख्रिस्ती, हिंदू, पारशी, कोणीही. कोकणातून आणि देशावरून उपनगरांत आलेल्या घरांनी आपापल्या देवीची ओटी आणि नवस बरोबर आणले होतेच, त्यात या मेणाच्या बाळाची भर पडली. या सगळ्या रूढींत एक गोष्ट समान आहे. नवस बहुधा बाई बोलते, फेडतेही तीच, आणि कूस उजवली नाही तर बोलही तिलाच लागतो. आज त्याच वांद्र्यापासून पुढे अंधेरी, बोरिवली आणि तिकडे घाटकोपर, मुलुंड अशा स्थानकांबाहेर आयव्हीएफ केंद्रांच्या पाट्या दिसतात आणि त्यांवर हसरी, गुबगुबीत बाळे असतात. मेणाच्या बाळापासून या पाटीवरच्या बाळापर्यंत शंभर वर्षांहून मोठा प्रवास झाला. या प्रवासात मुंबईने मूल न होण्याचे कारण तीनदा वेगवेगळ्या जागी शोधले: आधी नशिबात, मग नळीत, आणि सर्वांत शेवटी, तेही अर्धवट मनाने, वेळेत. माझे म्हणणे या तिसऱ्या जागेबद्दल आहे. बीज आणि गर्भाशय यांच्यामधली वाट मोकळी करायला आपण शिकलो. बीजाच्या आत साठलेली ऊर्जा निर्माण करायला मात्र आपल्याला अजून जमलेले नाही, आणि उपनगरांतला हा सगळा व्यवसाय त्या उणिवेभोवती उभा राहिला आहे.

वयाचा प्रश्न या शहराला नवा नाही, पण तो इथे उलट्या टोकाने आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत बेहरामजी मलबारी बालविवाहाविरुद्ध लिहीत होते आणि बालपणी लावलेले लग्न नाकारणाऱ्या रखमाबाईंचा खटला उच्च न्यायालयात गाजत होता. मुलगी ऋतुमती होताच गर्भाधान झाले पाहिजे, नाहीतर संततीची वेळ वाया जाते, असे संमतिवयाच्या कायद्याला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे होते. १८९१ च्या कायद्याने संमतीचे वय दहावरून बारावर नेले, १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरवले, आणि १९७८ मध्ये ते अठरावर आले. या प्रत्येक पायरीला ‘लवकर म्हणजे सुपीक’ हीच समजूत आडवी आली. ती वैद्यकाच्या दृष्टीने चूक होती: कोवळ्या वयातले गरोदरपण आईच्या जिवावर बेतते, हे प्रसूतिगृहांच्या नोंदींनी पुढे पुन्हा पुन्हा दाखवले. म्हणून पुढे मी वयाबद्दल जे मांडणार आहे, त्याचा वापर कोणी त्या जुन्या समजुतीच्या समर्थनासाठी करू नये. अठरा आणि अडतीस यांच्यात मोठे अंतर आहे आणि माझा विषय त्या अंतराचे दुसरे टोक आहे.

विसाव्या शतकात प्रश्न पूर्णपणे फिरला. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सचे केंद्र उघडले. कर्व्यांना त्यासाठी प्राध्यापकी सोडावी लागली आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवताना अश्लीलतेचे खटले सोसावे लागले. त्यांपैकी एकात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. मूल हवे की नको आणि हवे तर केव्हा, हे जोडप्याने ठरवायचे, हा विचार मराठीत कर्व्यांनी रुजवला. स्वातंत्र्यानंतर या विचाराला संस्थांचे बळ मिळाले, पण त्यातला जोडप्याचा निर्णय मागे पडला आणि देशाचा आकडा पुढे आला. १९४९ मध्ये फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडिया मुंबईत स्थापन झाली. १९५२ च्या नोव्हेंबरात संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या धन्वंती रामा राव आणि मार्गारेट सँगर यांच्या उपस्थितीत आंतरराष्ट्रीय परिषद इथेच भरली आणि कुटुंबनियोजनाचा जागतिक महासंघ इथेच जन्मला. परळला गर्भनिरोधकांच्या चाचण्या करणारा विभाग उभा राहिला आणि तोच पुढे प्रजननसंशोधन संस्था झाला. १९५६ मध्ये भारत सरकार, संयुक्त राष्ट्रसंघ आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट यांनी मिळून लोकसंख्याशास्त्राचे प्रशिक्षण केंद्र काढले. आज देवनारला असलेली इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर पॉप्युलेशन सायन्सेस ती हीच. याच दशकात, १९५० आणि १९५७ मध्ये, अंधेरी-घाटकोपर आणि मग बोरिवली-मुलुंड महापालिकेच्या हद्दीत आले. म्हणजे आजची उपनगरे आणि जन्म मोजणाऱ्या, जन्म रोखणाऱ्या या संस्था साधारण बरोबरीने वाढल्या. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. ज्या राज्याला जास्तीचे मूल गुन्हा वाटत होते, त्याच्या हिशेबात पहिलेच मूल न होणाऱ्या जोडप्याला रकाना नव्हता. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवलेल्या भिंतींखालून जाणाऱ्या अशा बाईचे दुःख सरकारी भाषेत मांडताच येत नव्हते.

६ ऑगस्ट १९८६ ला परळच्या केईएम रुग्णालयात हर्षा चावडाचा जन्म झाला, त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि प्रजननसंशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी शास्त्रीय नोंदींसह सिद्ध केलेले ते भारतातले पहिले टेस्ट ट्यूब बेबी. आठ वर्षांपूर्वी, ३ ऑक्टोबर १९७८ ला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नातून दुर्गा या टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला होता. जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीच्या, लुइझ ब्राउनच्या, जन्माला तेव्हा जेमतेम सव्वादोन महिने झाले होते. सरकारी समितीने मुखोपाध्यायांना खोटे ठरवले आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्यांची टिपणे वाचून १९९७ मध्ये ‘पहिला मान त्यांचा’ असे जाहीरपणे लिहिणारे डॉ. आनंद कुमारच होते. आपल्या नावावरचे श्रेय आपण होऊन दुसऱ्याला देण्याचे हे उदाहरण मुंबईच्या विज्ञानेतिहासात अधिक ठळकपणे सांगितले गेले पाहिजे. परळमधल्या घटनेत मला आणखी एक गोष्ट लक्षणीय वाटते. गर्भ रोखण्यासाठी जन्मलेल्या संस्थेने गर्भ घडवून दाखवला, कारण दोन्हींसाठी लागणारे हार्मोनचे आणि बीजाचे ज्ञान एकच. पण त्या ज्ञानाची दिशा वाटेकडे होती. आयव्हीएफ मुळात बंद गर्भनलिकेसाठी शोधले गेले. आपल्याकडे जननेंद्रियांच्या क्षयाने नळ्या बंद होणे हे मोठे कारण आहे, त्यामुळे उपचार इथल्या गरजेला नेमका लागू पडला. बीज बाहेर काढायचे, काचेत फलित करायचे, गर्भाशयात ठेवायचे: अडलेल्या वाटेला वळसा घालायचा. वाट अडलेली आणि बीज तरुण असेल तिथे हे तंत्र खरोखर दैवी वाटावे इतके चांगले चालते. अडचण सुरू होते ती वाट मोकळी असून बीज थकलेले असते तेव्हा.

बीज थकते म्हणजे काय, हे समजायला पेशीत उतरावे लागते. शाळेच्या पुस्तकात ज्यांना तंतुकणिका म्हणतात त्या मायटोकाँड्रिया अन्न आणि प्राणवायू यांपासून एटीपी नावाचे इंधन बनवतात. पेशीतले जवळपास प्रत्येक काम त्यावर चालते. या कणिकांचा स्वतःचा छोटा डीएनए असतो, १६,५६९ अक्षरांचा, ३७ जनुकांचा, आणि तो आपल्याला फक्त आईकडून मिळतो. शुक्राणूच्या मध्यभागात ५० ते ७५ तंतुकणिका वेटोळ्याने बसलेल्या असतात, त्या फलनानंतर बीज नष्ट करून टाकते. स्त्रीबीजात मात्र त्या लाखाच्या घरात असतात. शरीरातल्या दुसऱ्या कोणत्याही पेशीत इतक्या नसतात, आणि त्याला कारण आहे. फलनानंतरचे पहिले पाच-सहा दिवस, गर्भ गर्भाशयाला चिकटेपर्यंत, तंतुकणिकांचा डीएनए वाढत नाही. पेशी दुभागत जातात आणि आईने भरून दिलेला साठाच वाटला जातो. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला वाटेत काही मिळणार नाही म्हणून शिदोरी बांधून द्यावी, तसे हे आहे. शिदोरी कमी पडली तर गर्भ वाटेतच थांबतो, आणि बाईला दिवस गेले होते हे कळतही नाही. त्याहून आधीचे एक काम अधिक नाजूक असते. बीज पिकताना गुणसूत्रांच्या जोड्या सोडवून बरोबर निम्मी बाहेर टाकायची असतात. ती ओढणाऱ्या तंतूंच्या रचनेला इंधन लागते, आणि तंतुकणिका त्या रचनेभोवती गोळा होतात. १९९५ मध्ये जोनाथन व्हॅन ब्लेरकॉम यांनी मानवी बीजांतले एटीपी मोजले, तेव्हा इंधन भरपूर असलेल्या बीजांचे गर्भ पुढे अधिक नीट वाढताना दिसले. वाटणीत एक गुणसूत्र जास्त किंवा कमी गेले की बहुतेक गर्भ पडतो. पस्तिशीनंतर गर्भपात वाढतात ते मुख्यतः यामुळे.

आणि या बीजाचे वय त्या स्त्रीइतकेच, किंबहुना काही महिने जास्तच असते. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची सगळी बीजे तयार होतात. पाचव्या महिन्यात साठ-सत्तर लाख, जन्माच्या वेळी दहा-वीस लाख, वयात येताना तीन-चार लाख, आणि पुढे ओहोटीच. गुणसूत्रांच्या जोड्या त्या गर्भावस्थेत एकदा बांधल्या जातात आणि वर्षानुवर्षे तशाच थांबतात. इतका काळ पेशी स्वतःला कशी राखते, याचे एक सुंदर उत्तर २०२२ मध्ये बार्सिलोनाच्या संशोधकांनी दिले: निद्रिस्त बीज तंतुकणिकांतल्या ऊर्जासाखळीची पहिली कडी जवळजवळ बंद ठेवते, त्यामुळे पेशीला जाळणारे प्राणवायूचे घातक अंश तयार होत नाहीत. दिवा मंद करून ठेवावा, पण विझू देऊ नये, तसे.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळता येणार नाही. बीजाच्या वयाचे सगळे खापर तंतुकणिकांवर फोडणे शास्त्रशुद्ध आहे का? नाही. गुणसूत्रांच्या जोड्या धरून ठेवणारी कोहेसिन नावाची प्रथिने वर्षांगणिक झिजतात आणि ती पुन्हा भरली जात नाहीत. वाटणी चुकण्यामागे त्यांचा वाटा फार मोठा आहे. शिवाय २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वयाबरोबर रक्त आणि लाळेतल्या पेशींच्या तंतुकणिकीय डीएनएत बदल साचताना दिसले, पण त्याच स्त्रियांच्या बीजांत ते वाढलेले आढळले नाहीत. म्हणजे ‘वयाने तंतुकणिकांचा डीएनए कुजतो आणि म्हणून मूल होत नाही’ हे सुटसुटीत सूत्र, जे अनेक जाहिरातींत वाचायला मिळते, ते टिकत नाही. तरीही माझा मुद्दा त्याने ढळत नाही. डीएनए शाबूत असून कणिकांचे काम मंदावू शकते. आणि झीज कोहेसिनची असो की ऊर्जेची, ती बीजाच्या आत, बीजाच्या आयुष्यात होते, आणि बाहेरून भरून काढता येत नाही. वाटेवरच्या उपचाराला तिथे हात पोचत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

दुसरा आक्षेप उपनगरांतल्या माणसाच्या तोंडी सहज येतो: वयाचे काय घेऊन बसलात, लोकलचा प्रवास, रात्रपाळी, धूर आणि दहा बाय बाराच्या खोलीत सासू-सासऱ्यांसह संसार, यांत नवरा-बायकोला एकांत तरी कुठे मिळतो? हे सगळे खरे आहे आणि त्याचा परिणामही होतो. पण वयाचा परिणाम यापासून वेगळा काढता येतो. १९८२ मध्ये फ्रान्समधल्या वीर्यपेढ्यांनी दोन हजारांहून अधिक स्त्रियांची आकडेवारी मांडली. त्या सर्वांचे नवरे शुक्राणूहीन होते आणि त्यांना दात्याचे वीर्य दिले होते, त्यामुळे नवऱ्याचे वय किंवा संबंधांची वारंवारिता यांचा प्रश्नच नव्हता. बारा प्रयत्नांत पंचविशीपर्यंतच्या ७३ टक्के स्त्रियांना दिवस गेले, पस्तिशीपुढच्यांत ५४ टक्क्यांना. देवनारच्या लोकसंख्याशास्त्रज्ञांना परिचित असलेला हटराइट पंथाचा अभ्यासही तेच सांगतो. संततिनियमन अजिबात न मानणाऱ्या, शेतीवर जगणाऱ्या त्या समाजात सरासरी दहाच्या आसपास मुले होत, आणि तिथेही चाळिशीपर्यंत तिघींपैकी एकीची प्रजननक्षमता संपलेली असे. तिथे लोकल नव्हती आणि धूरही नव्हता.

सर्वांत निर्णायक पुरावा मात्र बीजदानाचा आहे, आणि त्याचा भारतीय आरंभ मुंबईचाच. रजोनिवृत्त किंवा अकाली अंडाशय थांबलेल्या स्त्रियांसाठी डॉ. हिंदुजांनी बीजदानाचे तंत्र वापरले आणि १९९१ मध्ये त्यातून देशातले पहिले मूल जन्मले. जगभरच्या अनुभवातून पुढे स्पष्ट झाले की पंचेचाळीस वर्षांच्या स्त्रीच्या गर्भाशयात पंचवीस वर्षांच्या दात्रीचे बीज ठेवले तर यशाचे प्रमाण पंचविशीचे राहते. गर्भाशय म्हातारे होत नाही असे नाही, पण बीजाच्या मानाने ते फारच सावकाश. ज्या क्षणी हे कळले, त्या क्षणी तरुण बीजाला किंमत आली. बीजदानाचा व्यवहार एका स्त्रीच्या शरीरातली तरुण पेशी दुसरीकडे नेण्याचा आहे. घेणारी बहुधा शिकलेली, उशिरा स्थिरावलेली, देणारी बहुधा पैशाची निकड असलेली. २०१० मध्ये मुंबईत सतरा वर्षांची एक मुलगी बीजदानानंतर काही दिवसांतच मरण पावली आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. सतरा वर्षांची. कायद्याने जिचे लग्न लावता येत नव्हते, तिची बीजे काढता येत होती, कारण त्या वेळी या व्यवसायाला कायदाच नव्हता, होती ती फक्त मार्गदर्शक तत्त्वे. २०२१ च्या कायद्याने दात्रीचे वय २३ ते ३५ ठरवले, आयुष्यात एकदाच आणि सातपर्यंतच बीजे अशी मर्यादा घातली, आणि उपचार घेणाऱ्या स्त्रीसाठी ५० तर पुरुषासाठी ५५ ही वरची सीमा आखली. मूल न होण्याला इथल्या कायद्याने प्रथमच नशिबातून आणि नळीतून काढून वयाच्या आकड्यांत लिहिले. ते इतक्या उशिरा झाले याची किंमत कोणी मोजली, हे त्या मुलीच्या प्रकरणातून दिसते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बीजाचे वय, बीजाची ऊर्जा, असे म्हणत राहिलो तर शेवटी बोल पुन्हा बाईवरच येतो. नवस फेडणारी तीच आणि ‘करिअर’ केले म्हणून उशीर करणारीही तीच. पण पेशीचे विज्ञान हा बोल मान्य करत नाही. शुक्राणूची हालचाल त्याच्या मध्यभागातल्या तंतुकणिकांशी बांधलेली आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत के. थंगराज यांच्या गटाने २००३ मध्ये एका वंध्य पुरुषाच्या शुक्राणूंच्या तंतुकणिकीय डीएनएत बदल आढळल्याचे आणि त्यांची हालचाल मंद असल्याचे नोंदवले. शेपटीला इंधन दुसऱ्या मार्गानेही मिळते, त्यामुळे हाही एकमेव खुलासा नाही, पण तपासणी दोघांची व्हायला हवी एवढे त्यातून नक्की निघते. सासरचे लोक मुलाची साधी वीर्यतपासणी टाळून सुनेला सोनोग्राफीच्या रांगेत उभे करतात, ती मेणाच्या बाळामागचीच रीत. राहिला उशिराचा प्रश्न. मुलुंड-बोरिवलीकडे घर घ्यायचे म्हणजे दोन पगार आणि वीस वर्षांचे कर्ज, आणि मूल झाल्यावर त्याला सांभाळायला बहुतेक कार्यालयांत पाळणाघर नाही. बाई उशीर करते असे म्हणणे म्हणजे घरांच्या किमती, नोकऱ्या आणि सुट्या यांचा हिशेब एकट्या तिच्या नावावर लावणे. देवनारच्या संस्थेने केलेल्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ निघाला. जन्म रोखण्याचे जे ध्येय १९५२ मध्ये घेतले होते ते गाठून आपण खाली उतरलो आहोत. तरी वंध्यत्वाचा उपचार आयुष्मान भारतच्या विम्यात बसत नाही, आणि आयव्हीएफ करणारी जोडपी बहुतांशी स्वतःच्या खिशातून किंवा दागिने मोडून ते करतात.

तंत्रज्ञान यातून सोडवील, हा आशावाद उरतो. १९९७ मध्ये अमेरिकेत जॅक कोहेन यांनी तरुण दात्रीच्या बीजातला थोडा पेशीद्रव वयस्क बीजात टोचला आणि मुले जन्मलीही, पण सरकारी नियंत्रणाने २००१ मध्ये ते थांबले. स्वतःच्या अंडाशयातून काढलेल्या कणिका बीजात टोचण्याच्या तंत्राचा मोठा गाजावाजा झाला, पण स्पेनमध्ये शिस्तीने घेतलेल्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. ब्रिटनने २०१५ मध्ये तंतुकणिकादानाला कायद्याने परवानगी दिली आणि २०२५ मध्ये न्यूकॅसलमधून अशा आठ बाळांची माहिती प्रसिद्ध झाली. ते उत्तम काम आहे, पण ते आनुवंशिक तंतुकणिकीय आजार टाळण्यासाठी आहे, थकलेले बीज तरुण करण्यासाठी नव्हे. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या को-एन्झाइम क्यू-टेनच्या गोळ्यांबद्दल उंदरांतले निष्कर्ष आशादायक आहेत, माणसांतला पुरावा अजून तोकडा. बीज गोठवून ठेवणे हा एकच उपाय खऱ्या अर्थाने काळ थांबवतो, आणि तो ऐन तिशीत परवडणाऱ्यांनाच खुला आहे.

महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लिहिणे सक्तीचे झाले. पेशींत ते आधीपासून लिहिलेलेच होते. हर्षा चावडा २०१६ च्या मार्चमध्ये आई झाली, तेही डॉ. इंदिरा हिंदुजांच्याच हातून. ते मूल ज्या बीजातून जन्मले, ते १९८६ च्या पूर्वार्धात, हर्षा अजून आईच्या पोटात असताना, तिच्या इवल्या अंडाशयात तयार झाले होते. आईने बांधून दिलेली कणिकांची शिदोरी घेऊन ते जवळपास तीस वर्षे थांबून राहिले होते.